सुतकाचा डबा

२३ जानेवारी १९७३

धूर खोटं बोलत नाही! आजच्या बैठकीत हे वाक्य मी तीनदा म्हटलं, तेव्हा कुठे ते मंडळींच्या डोक्यात शिरलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आता झाली, पण दिवाळीपासूनच आमच्या पेठेतले निम्मे माग बंद आहेत. सूत मिळत नाही, वीज कधी येते कधी जाते. दुष्काळ म्हणजे खेड्यातली गोष्ट असं आम्हा शहरवाल्यांना वाटायचं — घ्या आता! आमचं शेजार मंडळ उद्यापासून शाळेच्या पडवीत मिलोच्या, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीच्या, कण्या शिजवणार. पण द्यायच्या कुणाला? विणकराच्या दारात उभं राहून 'घरात खायला आहे का' विचारलं की आतून 'हाय की' येतं आणि दार लागतं. म्हणून माझा नियम. भल्या पहाटे गल्लीतून फिरायचं. ज्या घरातून धूर निघत नाही, ते घर वहीत. दुपारी मुकाट्याने कण्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवून यायचं. विचारणं नाही, लाजवणं नाही.

शिवलिंगप्पाअण्णा आमचे अध्यक्ष. कापडाचे व्यापारी, आवाज मोठा, मन लोण्याचं. म्हणाले, "महानंदाबाई, एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीसा, आता गल्लीची घ्या." घेते की. माझ्या हजेरीत खोटं एकदाही पडलं नाही. निवृत्त झाले तरी हात तोच आहे.

२५ जानेवारी

तेवीस घरांची गल्ली. नऊ घरं बिनधुराची. नऊ डबे गेले. अंबुबाई स्वयंपाकाला आहे — ती मीठ विसरली. मी बोलले. तीही बोलली.

३० जानेवारी

वाईट झालं. गल्लीतल्या एका पोरीचं वळसंगला जमलं होतं, सुपारी फुटायची होती. पाहुण्यांनी उंबऱ्यावरचा डबा पाहिला. 'डबा येणाऱ्या घरची पोरगी नको' म्हणून निरोप आला. पोरीच्या आईने डबा घेऊन शाळेत आणून दिला, भरलेला, तसाच.  मला तोंड वर करता येईना.

४ फेब्रुवारी

तेवीसच्या तेवीस घरांतून धूर!

आधी आनंद झाला, कबूल करते. वाटलं, कुठून तरी धान्य आलं. मग पाय आपोआप थांबले. काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. गल्लीच्या मध्यावर उभी राहून ऐकत राहिले. भाकरी थापल्याचा आवाज नाही. एकाही घरातून नाही! तेवीस चुली पेटलेल्या, आणि कुणाचाही हात परातीवर पडत नाही. भाजल्याचा वास नाही. माग बंद, भांड्यांचा आवाज नाही, पोरं रडत नाहीत. नुसता धूर. सरळ वर जात होता आणि मी त्याच्याखाली एकटी, हातात वही.



५ फेब्रुवारी

पाणी मागायच्या निमित्ताने शेवटच्या घरात शिरले. महादेवीचं घर. तिचा नवरा ईरप्पा माझा विद्यार्थी, चौथीत माझ्या वर्गात होता. माग बंद पडल्यावर वैरागच्या पुढे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलाय. गल्लीतले बहुतेक पुरुष तिकडेच आहेत. दोन महिने झाले, ना पैसे ना पत्र.

चुलीवर मोठं पातेलं. झाकण कुणाला न सांगता मी उचललं — मास्तरणीला सवय वाईट. पाणी! नुसतं पाणी उकळत होतं. चुलीत लाकूड म्हणून काय, तर मागाचा धोटा. ज्याने पोट भरायचं तोच जाळायला घेतलाय बाईने.

"जेवण झालं की बाई," महादेवी म्हणाली. तोंडसुद्धा पदराने पुसून दाखवलं.

कोपऱ्यात तिची पोरगी मायाक्का. पाच वर्षांची असेल. भिंतीचा पोपडा नखाने काढत होती आणि तोंडात घालत होती. माझ्याकडे बघत, सावकाश चावत.

६ फेब्रुवारी

डबा स्वतः घेऊन गेले. महादेवीने दारातच अडवलं. "आमी मागणारे न्हाय, बाई. आज डबा घेतला की उद्या माज्या पोरीला कोण करून घील? त्या पोरीचं बघितलं न्हवं का?" ओरडले तिच्यावर. पोरगी जगली तर लग्न होईल, म्हटलं! तिने दार लावून घेतलं. बाकीची बावीस दारंही वाजवली. सगळीकडे धूर, सगळीकडे 'झालं की जेवण'.

मीच केलं हे. माझ्या धुराच्या नियमाने केलं. गल्लीत कोण उपाशी ते पहाटे सगळ्यांना दिसायला लागलं, म्हणून आता कुणीच दिसू देत नाही.

१० फेब्रुवारी

अण्णा खूश आहेत. वहीत एकही घर नाही! "भूक हटवली की बाई आपण!" म्हणतात, एक तारखेला कण्या बंद करू, दुसऱ्या पेठेत जाऊ. मी समजावलं. त्यांना पटेना. "धूर खोटं बोलत न्हाय — तुमचंच वाक्य हाय की!"

१३ फेब्रुवारी

मायाक्काला आज उभं राहता येईना. पाय वाकडे, पोट पुढे. मी पितळेच्या गडव्यातून दूध नेलं. तासाभराने गडवा माझ्या ओसरीवर होता, दुधासकट. महादेवीने पोटाशी धरून आणला असणार, एक थेंब सांडला नव्हता.

मला या बाईचा राग येतो. आणि रागाने रडू येतं.

१६ फेब्रुवारी

म्हातारी चंद्रव्वा गेली. वय झालं होतं म्हणतात. मी पाहिलं, वय नव्हतं ते.

पण आज जे झालं ते लिहून ठेवते. अंबुबाई कुणाला न विचारता डबा घेऊन चंद्रव्वाच्या घरी गेली. मी म्हटलं परत पाठवतील. ती म्हणाली, "मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत, बाई. शेजाऱ्यानं न्यायलाच पायजे. त्यात काय लाज हाय?" आणि घेतला त्यांनी! चंद्रव्वाच्या सुनेने घेतला, नातवंडांनी पानं चाटूनपुसून साफ केली. सगळ्या गल्लीसमोर. कुणी मान खाली घातली नाही.

आमच्यात सूतक नाही म्हणतात, तेलुगू मंडळींत आहे, मराठ्यांत आहे. पण मयताच्या घरी चूल विझलेली असते ती सगळ्यांचीच. त्या घरी बाहेरचं अन्न जातं. ते अन्न दान नाही. ते घेणाऱ्याची मुलगी उजवायची राहत नाही.

२० फेब्रुवारी

नळावर महादेवी भेटली. इकडेतिकडे बघून विचारते, "मयताच्या घरी किती दिवस आणतासा बाई?"

माझ्या लहानपणी तीन दिवस होते. मी म्हटलं, दहा.

"आन् कर्ता माणूस गेला तर?"

मला ठाऊक नव्हतं. अण्णांना विचारलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी. "कर्ताच गेला म्हंजे काय बाई... एक तारखेचं ऱ्हाऊ द्या, पाऊस पडंपर्यंत द्या. मंडळ कशाला हाय मग?"

संध्याकाळी मी स्वतः जाऊन तिला हे सांगून आले. स्वतः! काय विचारत होती ते मला कळलं नव्हतं असं इथे लिहायचं होतं. पण ही रोजनिशी मी कुणाला दाखवायला लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

पहाटे शेवटच्या घरातून धूर नव्हता. दाराशी बांगड्यांच्या काचा. हिरव्या. महादेवी उंबऱ्यावर बसली होती, कपाळ पांढरंफटक. कुंकवाची जागा चोळून चोळून लाल झाली होती.

"ईरप्पा गेला, बाई."

"कुणी सांगितलं?"

"निरोप आला. एक माणूस सांगून गेला."

गल्लीत तो माणूस कुणी पाहिला नव्हता. तरी समोरची म्हणाली, व्हय, मी बघितला. शेजारची म्हणाली, व्हय, मीबी. मी वही उघडली — मयताचं नाव, नातं, तारीख. तारीख काय घालू, विचारलं.

"तुमी घाला की."

घातली. एकतीस वर्षांत पहिला खोटा गैरहजर. अंबुबाईने डबा आणला. महादेवीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेला.

२ मार्च

मायाक्का उठून बसते आता. आज तिच्या जवळ बसले. कण्या खाता खाता सांगायला लागली, "अप्पा मेला म्हणून जेवाय मिळतंय."

मी ताटली तिच्याजवळ सरकवली.

मग तिने बोटं चाटली आणि विचारलं, "उद्याबी मेल्यालाच ऱ्हाईल न्हवं?"

६ मार्च

समोरच्या घरी निरोप आला. कर्ता गेला. वैरागच्या कामावरच.

८ मार्च

आणखी दोन. मी लिहिते. नाव, नातं, तारीख.

१४ मार्च

अकरा झाले.

एकजण दगडाखाली, एकाला साप चावला, बाकीचे तापाने. सुरुवातीला बायका कारणं सांगत होत्या. आता सांगत नाहीत, मीही विचारत नाही. अकराच्या सुमारास डबे येतात, त्याच्या जरा आधी रडणं सुरू होतं आणि डबा आत गेला की थांबतं. पहाटे गल्लीत धूर नाही. उघड्या कपाळाच्या बायका सडे टाकतात, पोरं दारात बसलेली, गालांना रंग येतोय. मला बघून बायका उठून उभ्या राहतात. कुणी हसत नाही. मी तरी कुठे हसते?

वाटलं होतं हे नाटक आहे, आम्हा सगळ्यांना माहीत असलेलं. तसं राहिलेलं नाही. एकीने नवऱ्याचा सदरा बोहारणीला दिला. एकीने फोटोला हार घातला, रोज ताजा घालते, ते फूल कुठून आणते देव जाणे. 'आमचे हे असताना' असं म्हणतात. काल महादेवी धुण्याच्या दगडावर बसून रडत होती. डब्याची वेळ नव्हती, बघायलाही कुणी नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तुला तर माहीत आहे!" तर माझ्याकडे बघून म्हणते —

"काय म्हाईत हाय, बाई?"

खरंच विचारत होती. मला तिथे थांबवेना.

२० मार्च

अण्णांनी वही मागून घेतली. अकरा कर्ते पुरुष, एकाच गल्लीतले, एकाच कामावर! "तिकडं काय साथ आलीया का? मी वैरागला जाऊन चौकशी करतो." कसंबसं थोपवलं. वाटेत पाणी नाही, तुमची तब्येत — काहीबाही बोलले. मग त्यांच्या मनाने घेतलं की निदान शोकसभा तरी घ्यायची. पेठेतल्या चार मोठ्या माणसांना बोलवायचं, नावं वाचायची.

जाता जाता म्हणाले, "बाई, पलीकडच्या पेठेत एकानं खोट्या नावांवर पोतं उचललं. तसं आपल्याकडं एक जरी नाव खोटं निघालं ना, त्याच दिवशी पडवीला कुलूप घालतो. मग कोण रडू दे."

मी म्हणाले, हो.

आज सांगून टाकायची वेळ होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अकरा घरांत उद्यापासून पुन्हा पाणी उकळलं असतं आणि मायाक्का भिंतीपाशी गेली असती. पाऊस अजून तीन महिने लांब आहे. मी खोटारडी झाले आणि मला झोप लागते, याची लाज वाटते.

२२ मार्च

महादेवीला सभेचं सांगितलं. "यावंच लागंल का?" यावं लागेल. "बरं. त्यांच्यासाठी काय तरी व्हायलाच पायजे होतं." नवऱ्यासाठी म्हणत होती.

२५ मार्च

सुरुवातीपासून नीट लिहिते.

चार वाजता शाळेच्या पटांगणात सभा. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. अकरा बायका पोरांना घेऊन बसलेल्या. मी अण्णांच्या शेजारी. अण्णांनी माझी वही उघडली आणि घरांच्या ओळीने नावं वाचायला लागले. प्रत्येक नावाला एका बाजूने हुंदका.

पाचव्या नावाला माझं लक्ष फाटकाकडे गेलं. एक माणूस उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. डोक्याचं फडकं पांढरं, भुवया पांढऱ्या, हातांना फडकी गुंडाळलेली. मला वाटलं म्हातारा आहे कुणी. मग त्याने मान जराशी तिरकी केली — चौथीत प्रश्न समजला नाही की करायचा तशी. खडीची धूळ होती ती अंगावर. ईरप्पा!

 तो जिवंत होता, चांगला जिवंत. पायातून रक्त येत होतं, चालत आला असणार. खांद्यावर गाठोडं. बायका कुठे जमल्यात विचारत इथवर आला असेल. त्याने महादेवीला शोधलं. तिचं कपाळ पाहिलं. हात पाहिले.

बायकांनी त्याला पाहिलं. सगळ्यांनी! मी शपथेवर सांगेन. एकेकीची नजर फाटकाकडे गेली, त्याच्यावरून फिरली आणि परत आली, रिकाम्या फाटकावरून फिरावी तशी. एकीनेही पदर सारखा केला नाही. महादेवीने सरळ त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. मायाक्का उठायला गेली, "अव्वा, त्ये बघ—" तर महादेवीने तिचं तोंड आपल्या मांडीत दाबून धरलं.

तेवढ्यात अण्णांनी शेवटचं नाव वाचलं, "ईरप्पा." पुढे बापाचं नाव, वय वर्षं बत्तीस.

त्याने तोंड उघडलं. आता बोलणार. एक शब्द बोलला की पडवीला कुलूप, हे त्याला कुठे ठाऊक होतं? मी डोळे मिटावेत की नाही ते ठरेना. तो पोरीकडे बघत होता. आईच्या मांडीत दाबलेली तिची पोटरी दिसत होती, गुबगुबीत नाही, पण पोटरी होती. जाताना त्याने काडी पाहिली होती तिथे. मग त्याची नजर पडवीतल्या पातेल्याकडे गेली, अंबुबाईकडे, वहीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझा विद्यार्थी. मी काय करावं?

मी नजर वळवली. फाटकावरून फिरवली आणि परत आणली.

अण्णा म्हणाले, दोन मिनिटं उभे राहू. सगळे उभे राहिले. त्यानेही डोक्याचं फडकं काढलं आणि मान खाली घालून उभा राहिला. दोन मिनिटं झाली तेव्हा फाटकात कुणी नव्हतं.

घरी जाताना अण्णा विचारत होते, "तो मागं कोण हुबा होता, बाई?"

"कुठे? मी नाही पाहिला," म्हटलं.

२६ मार्च

अकरा वाजता पडवीत आला. आंघोळ करून, स्वच्छ. हातात ताटली. अण्णा खुर्चीवर बसलेले. मी नियमाप्रमाणे वही उघडली, मान वर केली नाही, विचारलं, "घरी कोण वारलंय?"

"ईरप्पा."

"तुमचा कोण?"

"वळखीचा हुता."

वाढलं. खांबाला टेकून जेवला. ताटली धुऊन ठेवली. जाताना माझ्यापाशी वाकून हळूच विचारलं, "त्याची पोरगी दोनदा जेवती न्हवं, बाई?"

"दोनदा," म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या तसंच," म्हणाला आणि वैरागच्या रस्त्याला लागला.